ओळखीचं पाणी

शके १८८४, आषाढ अमावास्या, दिव्यांची अवस

जयतीर्थाच्या ऑफिसातून दरसाल एक जाड वही येते, पानापानावर इंग्रजी तारीख छापलेली. माझा मुलगा असून त्याला चार ओळी लिहायचा कंटाळा. त्याची बायको क्षमा त्यात धोब्याचे कपडे लिहायची, तेही आता बंद. कोरा कागद रद्दीत घालणं माझ्याने होत नाही. तिसरीपर्यंत शिकले आहे, ते तरी कशाला वाया घालवू? छापलेल्या तारखांशी माझं घेणं नाही. माझं पंचांग वेगळं.

आज सगळे दिवे घासून मांडले. समया, निरांजनं, कंदील, चिमणी. क्षमाकडून विजेचा एक बल्बही काढून घेतला आणि त्यालाही हळदीचं बोट लावलं. जयतीर्थ हसला. म्हटलं, हसतोस काय, हाही दिवाच. बाटलीत बसला म्हणून जात बदलली का?

दुपारी देवाप्पाची सरपणाची गाडी आली. सर्जापूरच्या बाजूचं लाकूड, पावसात चिंब. मी म्हटलं, "देवाप्पा, लाकूड आणलंस की भाजी?" तो म्हणाला, "अक्का, पावसाला सांगा, मला का." क्षमा न्हाणीत हंड्याखाली जाळ घालायला गेली आणि खोकत, डोळे चोळत बाहेर आली. भिंत धरून उभी राहिली.

तिला चौथा महिना आहे. गेल्या वर्षी पाचव्यात गेलं. तेव्हा मी काही बोलले नाही, बोलून परत येत नसतं. या खेपेला डॉक्टरीण म्हणाली, धूर नको, चुलीपुढे वाकणं नको. जयतीर्थ म्हणाला, "अक्का, विजेचा बॉयलर घेऊ या." मी म्हटलं, बघू.

माझं 'बघू' म्हणजे 'नाही', हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण संध्याकाळभर ती पोरगी खोकत होती.

श्रावण शुद्ध तृतीया

जयतीर्थाबरोबर जटक्यात बसून चिकपेटेच्या बाजारात गेले. दुकानदाराने भिंतीवर टांगायची पांढरी टाकी दाखवली, गाभण म्हशीच्या पोटासारखी फुगलेली.

"पाणी कुठून बघायचं?" मी विचारलं.

"बघायचं नसतं, अम्मा."

"हात कुठून घालायचा?"

"हात घालायचाच नसतो. तापलं की हा लाल दिवा विझतो."

"पाणी तापलं की नाही हे पाणी सांगणार की दिवा?"

जयतीर्थ दुसरीकडे बघत उभा राहिला. मी बरोबर असले की तो दुसरीकडे बघतो, मी चूक असले तरी तिकडेच बघतो.

त्या टाकीला म्हणे जाड तार वेगळी ओढायची. शिवाय परसात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून त्यात लोखंडी नळी पुरायची. का, तर वीज चुकली तर तिला जमिनीत जायला वाट पाहिजे. चुकणारी वीज आम्ही विकत का घ्यावी, ते त्याने सांगितलं नाही.

तेवढ्यात फळीवर ती सळई दिसली. वर काळं मुठाळं, खाली वेटोळं. जिलबीसारखं. दुकानदार म्हणाला, ही नुसती पाण्यात सोडायची. कुठल्या पाण्यात? तुमच्याच हंड्यात. तांब्याच्या? तांब्याच्या, पितळेच्या, काही असो.

मग बोलणंच संपलं. हंडा माझा, पाणी माझं, झाकण उघडून बघायची सोय माझी. जाळ खाली होता तो आता आत गेला, एवढाच फरक. स्टोव्ह आला तेव्हाही मी असाच घेतला होता. त्याची टाकी आणि वात बघून मला आमचा कंदील आठवला, म्हणून हो म्हटलं. रेडिओ आला तो कपाटासारखा दिसत होता म्हणून माजघरात बसला. नव्या वस्तूने जुनीचं तोंड लावून यावं, मग मी उंबऱ्याच्या आत घेते. अनोळखी तोंडाची वस्तू आणि अनोळखी माणूस, दोघांनाही ओसरी बरी.

निघताना दुकानदार म्हणाला, "मुठाळं पाण्यात बुडवू नका हं, अम्मा." त्याच्याच कानडीत म्हटलं, सरी, बरं.

श्रावण शुद्ध चतुर्थी

आता तो बुडवू नका म्हणाला, पण तो स्वतः तोंडात पान घालून, त्याच बोटांनी चुना लावून, त्याच हातांनी ते मुठाळं पुसत होता. अशी वस्तू माझ्या स्नानाच्या पाण्यात? देवाची पूजा त्याच पाण्याने अंघोळ करून करायची असते. सळई चिंच आणि राख लावून घासली आणि मुठाळ्यासकट घंगाळात बुडवून ठेवली. मग उन्हात वाळवली. आता ती आमच्या घरची झाली.

प्लगला तीन पाय निघाले. आमच्या भिंतीत भोकं दोन, रेडिओची. पलीकडच्या घरातले शेषगिरी आले. आमच्या चामराजपेटेत कोणाचा रेडिओ घोगरा झाला की लोक त्यांना बोलावतात. त्यांनी प्लग उलटासुलटा केला.

"अक्का, हा तिसरा पाय जाड आहे. ह्याला आपल्याकडे जागा नाही."

"मग तो कशाला दिलाय?"

"साहेबी वस्तू. काहीतरी जास्तीचं देतातच."

"रेडिओला किती आहेत?"

"दोन."

"दोन पायांवर तो गातो, बातम्या सांगतो. हिला नुसतं पाणी तापवायचंय. कापा."

त्यांनी तो प्लग काढून रेडिओसारखा दोन पायांचा बसवला. तिसरी तार चिमटून आत दुमडली. जयतीर्थ दारात उभा होता. म्हणाला, "दुकानदार म्हणाला होता ती जमिनीची तार..." शेषगिरी म्हणाले, "अरे, माझा रेडिओ आठ वर्षं दोन पायांवर आहे. कुणाला काही झालंय?" ह्यावर जयतीर्थाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, म्हणून मला ते पटलं.

हंडा चुलीवरून काढून लाकडी घडवंचीवर ठेवला, म्हणजे क्षमाला वाकायला नको.

श्रावण शुद्ध दशमी

झकास. पहाटे खटका दाबायचा आणि जपाला बसायचं. माळ संपेतो पाण्यातून वाफ येते. न्हाणीच्या भिंती पहिल्यांदा धुऊन घेतल्या तर खालचा पांढरा रंग निघाला. मी तो विसरूनच गेले होते.

क्षमाचा खोकला गेला. चेहरा भरलाय. काल आपण होऊन जास्तीचा भात वाढून घेतला. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, नाहीतर लाजून ठेवून दिला असता.

जयतीर्थ मात्र रोज एकच गाणं गातो. "अक्का, खटका बंद करून मग हात घाल." मी म्हटलं, "चाळीस वर्षं कोपर बुडवून पाणी बघतेय. चूल विझवून बघत होते का?" त्याने पेपर वर केला.

गंगव्वा फुगलीय. भांडी घासायला आणि पाणी भरायला धारवाडकडची ही बाई आमच्याकडे आहे, लाकडं फोडायचं कामही तिचंच होतं. त्या कामाचा वेगळा शेर तांदूळ मिळायचा. तो मी बंद केलेला नाही, तरी तोंड वाकडं. माणसाला काम कमी झालेलंही खपत नाही.

श्रावण वद्य नवमी

गोकुळाष्टमीचं पारणं झालं. ह्या सळईवर बरेच हात फिरतात म्हणून ती रोज घासावी लागते, मी ते सोडलेलं नाही.

एक नवल झालंय. चार दिवस झाले, पाण्यात हात घातला की बोटांना मुंग्या येतात. बारीक, गोड, कोणी आतून चिमटे काढावेत तशा. आधी वाटलं म्हातारपण. पण हात बाहेर काढला की थांबतात. आणि खरं सांगायचं तर उजव्या हाताची बोटं सकाळी वळत नसत, ती आता वळतात. म्हणजे पाण्याला गुण आलाय. लाकडाच्या जाळात तो नव्हता. वैद्याला वर्षभर काढ्याचे पैसे दिले ते फुकट.

क्षमाला सांगितलं. ती नुसती बघत राहिली. हल्लीच्या मुलींना कशाचं नवल नसतं.

भाद्रपद शुद्ध द्वितीया

शेषगिरींची बायको अहल्या आली. तिच्या अंगठ्याचा सांधा सुजलाय. मुंग्यांचं ऐकून म्हणाली, "अक्का, मलाही एकदा घालू द्या की हात."

तिला न्हाणीत नेलं. माझा पाट बाजूला सारला. तो फणसाच्या लाकडाचा पाट माझ्या सासूचा, सोवळ्याचा, बोटभर जाड. त्यावर मी सोडून कोणी पाय ठेवत नाही, क्षमाही नाही. अहल्या ओल्या दगडावर उभी राहिली आणि बोट बुडवलं.

अशी किंचाळली की परसातले कावळे उडाले. भिंतीला जाऊन आदळली. बांगडी फुटली.

"काय झालं?"

"अय्यो अक्का, झणझणलं. खांद्यापर्यंत."

मी तिला समजावलं. तिचं दुखणं जुनं, मुरलेलं, म्हणून गुणही जोराने आला. माझं नवं, म्हणून मला मुंग्याच. काढा कडू लागला की तो लागू पडतो, तसं. ती म्हणाली, "असेल." चहा प्याली. पण अंगठ्याची सूज उतरली का म्हणून दोनदा विचारलं, तर उत्तर दिलं नाही.

भाद्रपद वद्य पंचमी

आठवड्यात तीनदा फ्यूज उडाला. ऐन सकाळी. पाणी कोमट, घर अंधारात, जयतीर्थ अर्ध्या दाढीने बाहेर. शेषगिरी आले, फळीवर चढले, काळवंडलेली तार दाखवली. "केसासारखी बारीक तार घालतात हे सरकारी लोक. टिकणार कशी?" त्यांनी तिथे चांगली जाड तार पिळून बसवली. म्हणाले, "आता वीज गेली तर माझं नाव बदला."

गेली नाही. माणूस कामाचा आहे, बोलतो जरा जास्त.

भाद्रपद वद्य एकादशी

आज क्षमाशी वाजलं. लिहून ठेवते, कारण ती एक सांगेल आणि जयतीर्थ तिचंच ऐकेल.

ती अंघोळीला गेली आणि तांब्या पडल्याचा आवाज आला. गेले तर ही कोपऱ्यात, ओल्या लुगड्यात, एक हात पोटावर.

"पाणी चावतं, अक्का."

"पाण्याला दात कुठले?"

"तांब्या बुडवला की चावतं. आजचं नाही, आठ-दहा दिवस झाले. तुम्हाला चावत नाही?"

"मला मुंग्या येतात. बऱ्या वाटतात."

"मला बऱ्या वाटत नाहीत."

"तुला काय बरं वाटतं? धूर बरा वाटत नाही, वाकणं बरं वाटत नाही, आता गरम पाणीही बरं वाटत नाही. तुझ्यासाठी काशीहून गंगा आणू का?"

ती गप्प बसली. तिची गप्प बसायची तऱ्हा वाईट आहे. भांडली असती तर मला जेवण गेलं असतं.

आश्विन शुद्ध नवमी, आयुधपूजा

सगळी हत्यारं-अवजारं मांडली. विळी, अडकित्ता, जयतीर्थाची सायकल, शिलाईचं मशीन, स्टोव्ह. रेडिओला हार घातला. आणि मधोमध सळई. ह्या वर्षीची मानकरीण तीच.

मी हळद लावली. कुंकू क्षमाने लावलं, ते सवाष्णीचं काम. तिने एका बोटाने, लांबूनच टिकली टेकवली, दुसऱ्याच्या कुत्र्याला भाकर टाकावी तशी. मी पाहिलं. फूल वाहायला जागा नव्हती, पण मुठाळ्याला एक चीर पडलीय केसाएवढी. तिच्यात शेवंतीचा देठ बरोबर बसला. रोजच्या चिंचेने वेटोळं लखलखतंय. हळद-पाणी चिरेत ओघळलं, ते मुद्दाम पुसलं नाही.

गंगव्वाला प्रसाद द्यायला न्हाणीशी बोलावलं. ती उंबऱ्याबाहेर उभी.

"आत ये."

"नको अव्वा. आत कुनीतरी बसलंया."

"कोण?"

"म्या काय बगितलं न्हाई. पन हंडा पुसाया गेलं की हात झिडकारतंय."

"चोराला असं होतं," मी म्हटलं. म्हणायला नको होतं, ती चोर नाही. पण हंड्यात भूत आहे हे सणाच्या दिवशी माझ्या घरात कोणी बोलावं?

तिने प्रसाद पदरात घेतला आणि म्हणाली, "अव्वा, लेकराच्या आईला तेवडं लांब ठेवा."

आश्विन वद्य सप्तमी

तिकडे उत्तरेला चिन्यांशी लढाई जुंपलीय. घरात आता रेडिओच बोलतो, बाकी कोणी नाही. शेषगिरी सकाळ-संध्याकाळ आमच्याकडे, अहल्या त्यांच्या मागे. सगळे माना तिरक्या करून त्या कपाटाकडे बघतात, जणू शत्रू त्यातून बाहेर येणार आहे. मी शेंगा सोलते. हिमालय लांब आहे.

जयतीर्थ न्हाऊन आला तो पांढरा पडलेला. विचारलं तर "काही नाही." मग हळूच म्हणाला, "अक्का, ती सळई मी काढून टाकणार आहे. दिवाळी झाली की बोनस येईल, टाकी बसवून घेऊ. खड्डा, नळी, सगळं." मी म्हटलं, "घ्या. माझ्या ओळखीचं काही घरात ठेवूच नका. मलाही बसवा भिंतीवर, लाल दिवा लावून."

तो हसला नाही. पूर्वी हसायचा.

आश्विन वद्य दशमी

आज कळलं. क्षमा थंड पाण्याने अंघोळ करते. किती दिवस झाले कोण जाणे. मी परसात तुळशीपाशी होते, न्हाणीच्या मोरीतून येणारं पाणी पायाला लागलं, गार. ह्या हवेत. सातव्या महिन्यात.

तिला बोलावलं. ती दाराशी उभी राहिली. कोपरावर निळा डाग होता, बेलफळाएवढा.

"हे काय?"

"परवा पडले. हंड्याला हात लागला तेव्हा."

"पोटावर?"

"नाही. बाजूवर."

"बाळ?"

"हलतं."

मी तिला बस म्हटलं. पुढचं काही सुचलं नाही. गेल्या वर्षी गादीवर पडून ही भिंतीकडे तोंड करून होती, तेव्हाही मला सुचलं नव्हतं. मी नुसती खीर करून ठेवली होती, आणि ती तशीच नासली.

"तू मला घाबरतेस की पाण्याला?" मी विचारलं.

ती म्हणाली, "पाण्याला. तुम्हाला मी घाबरत होते, आधी."

उत्तर चांगलं दिलं. ही दिसते तेवढी मऊ नाही.

रात्रीच्या भाताला आधण ठेवताना विचार करत होते. पाणी एक, हंडा एक. मला नुसत्या मुंग्या. अहल्याला झणका. गंगव्वाला झिडकारतं. हिला पाडतं. जयतीर्थ पांढरा होतो पण बोलत नाही, बापासारखा. मग मी कोण लागून गेले? माझ्यात आणि ह्यांच्यात फरक काय?

आश्विन वद्य द्वादशी

सापडलं. पाट.

मी पाटावर उभी राहते, ते सगळे दगडावर. त्या पाटावर माझ्या सासूने जन्मभर जप केला. बोलायला विंचू, पण जपाला कधी चुकली नाही. तिचं पुण्य त्या फणसात मुरलंय, म्हणून त्याच्यावर उभं राहणाऱ्याला पाणी काही करत नाही. आणि दुसरं असं की, ते पाणी मला ओळखतं. चाळीस वर्षं हा हंडा माझ्या हाताखाली आहे. घरचं कुत्रं परक्यावर भुंकतं, म्हणून कोणी त्याला हाकलत नाही. ओळख करून देतात.

जयतीर्थाला सांगितलं. तो रेडिओला कान लावून होता. हात वर करून म्हणाला, "थांब अक्का, बातमी चाललीय." थांबले. बातमी संपली तेव्हा तो विसरला होता की मी काही बोलत होते.

आश्विन वद्य त्रयोदशी, शुक्रवार

आज पाणी भरायचा सण. तिकडे मराठी मुलखात ह्याला काय म्हणतात माहीत नाही, आमच्याकडे तीनशे वर्षं इथल्या लोकांबरोबर आम्हीही करतो. न्हाणी धुतली. हंडा चिंचेने असा घासला की त्यात तोंड दिसावं. बाहेरून चुना आणि तांबड्या मातीचे पट्टे ओढले, गळ्यात कारल्याचा वेल बांधला. गंगव्वा आडाचं पाणी आणून उंबऱ्यापर्यंत देत होती, आत मी ओतत होते. काठोकाठ भरला. सळई घासून, बुडवून, पुसून, काठीला अडकवून आत सोडून ठेवलीय. मुठाळ्याची चीर थोडी वाढलीय, तीत ओल दिसते, पण काम चोख आहे. पहाटे खटका दाबायचा की झालं.

शेषगिरींनी फ्यूजची तार आणखी एक पदर पिळून दिली. सणाच्या पहाटे घर अंधारात जाऊ नये म्हणून.

संध्याकाळी क्षमाला जवळ बसवलं. म्हटलं, "नरकचतुर्दशीची अंघोळ तुला गरम पाण्याचीच होणार. तेल अहल्या लावील, ती सवाष्ण आहे. पाणी मी काढून देईन."

तिचा हात पोटावर गेला.

"आणि तू माझ्या पाटावर बसशील."

तेव्हा तिने मान वर केली. "तुमचा पाट? सोवळ्याचा?"

"पोटातल्याला अजून सोवळं-ओवळं नाही. त्याच्या आईचं मी बघून घेईन. बस म्हणते ना."

"आणि तुम्ही?"

"मी दगडावर. मला काय होतंय? ते पाणी माझ्या ओळखीचं आहे."

"अक्का, मग खटका बंद करून काढा ना पाणी."

"बंद करून काढलं तर तुला कसं कळणार की ते चावत नाही? तुझ्या डोळ्यांदेखत खटका चालू असताना मी कोपरापर्यंत हात घालणार. हंडाही धरणार दुसऱ्या हाताने. चांगली दहा नावं घेईपर्यंत धरून ठेवणार. मग मात्र तू मुकाट्याने न्हायचंस. घाबऱ्या बाईच्या पोटी घाबरं पोर येतं, आमच्यात एक आहे तेवढा पुरे."

आतून जयतीर्थ म्हणाला, "ऐकू येतंय मला." क्षमा हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर हसली. मग माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही आधी. मग मी." वचन मागितल्यासारखं. मी दिलं.

पाट पुसून तिच्यासाठी मांडलाय, भोवती रांगोळी काढलीय. तेलाची वाटी कोनाड्यात. न्हाणीचा दगड सकाळी धुतला तो अजून ओला आहे, पायाला गार लागतो. पहाटे उठायचंय, सगळ्यांच्या आधी.